नास्तिवाद आणि कर्तव्य : 'काहीच उरणार नसेल, तर करावे कशासाठी?'

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन करण्याची प्रथा महाराष्ट्रातील विहारांत रूढ आहे. नवी मुंबईतील विहारही त्यास अपवाद नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून, तुर्भ्याच्या बाजार आवारातून, लोकलच्या गर्दीतून घरी परतलेली माणसे हातपाय धुऊन रात्री विहारात येऊन बसतात. वाचन आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म या प्रकरणांशी आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो बहुधा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडून येतो. आत्मा नाही, ईश्वर नाही, स्वर्ग-नरक नाही. मृत्यूनंतर 'मी' म्हणून काही उरत नाही. एवढेच नव्हे, तर विज्ञान सांगते त्याप्रमाणे एक दिवस सूर्यही विझणार आहे. मग चांगले वागावे कशासाठी? चळवळ करावी कशासाठी? आणि वाईट वागले तर बिघडते कोठे?

हा प्रश्न टिंगलीचा नाही आणि तो विचारणारी मुले श्रद्धाहीनही नाहीत. ज्या धम्माने चिकित्सेचा अधिकार दिला, त्याच धम्माला विचारलेला तो प्रश्न आहे. त्यास 'असे प्रश्न विचारू नयेत' असे उत्तर देणे हा धम्मद्रोह होईल. म्हणून या लेखात आम्ही त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणार आहोत. कारण हा प्रश्न नवा नाही. तो तथागतांच्या काळी राजगृहात विचारला गेला, सागल नगरीत विचारला गेला आणि विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाने तो आपल्या जगण्यातून सोडविला.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. मराठीत 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा. या अर्थाने आपण नास्तिक आहोत आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण पाली वाङ्मयात 'नत्थिकवाद' हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. दानाला अर्थ नाही, सत्कृत्य आणि दुष्कृत्य यांना फळ नाही, आईबापांविषयी काही कर्तव्य नाही, असे म्हणणारा तो नत्थिकवादी. मृत्यूने सर्व काही समूळ नष्ट होते असे म्हणणारा तो उच्छेदवादी. कृती ही कृतीच नव्हे, ती करणाऱ्यास पाप लागत नाही व पुण्यही लागत नाही, असे म्हणणारा तो अक्रियवादी. सर्व काही आधीच ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही, असे म्हणणारा तो नियतिवादी. नागार्जुनाचा 'शून्यवाद' हा तर यांपैकी कोणताच नव्हे. परंतु अर्वाचीन काळात पाश्चात्त्य 'निहिलिझम'साठीही मराठी-हिंदीत 'शून्यवाद' हाच शब्द वापरला जाऊ लागला आणि घोळात भर पडली.

या घोळाला युरोपातील अभ्यासकांचाही हातभार लागला. फ्रेंच पंडित बुर्नूफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील पायाभूत ग्रंथ १८४४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काही दशकांत निर्वाण म्हणजे निव्वळ विनाश, अशी समजूत युरोपात पसरली. नीत्शे या जर्मन तत्त्ववेत्त्याने १८८८ साली लिहिलेल्या आणि १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अँटिख्राइस्ट' या पुस्तकात ख्रिस्ती धर्माबरोबर बौद्ध धर्मालाही नास्तिवादी धर्मांत बसविले. बौद्ध धर्म दोहोंत अधिक वास्तवनिष्ठ आहे, हे मात्र त्याने मान्य केले. आपल्या देशातील बौद्धविरोधी पंडितांनी तर हा आरोप शेकडो वर्षे केला आहे.

आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, 'काही नाही' या एकाच वाक्यात दोन भिन्न विधाने दडलेली असतात. 'शाश्वत आत्मा नाही' हे एक विधान. 'कृतीला अर्थ नाही' हे दुसरे. पहिले मान्य केले की दुसरे आपोआप सिद्ध होते, असे बहुतेकांना वाटते. तथागतांचे सारे म्हणणे या दोहोंमधील जोड तोडण्यासाठी आहे.

राजगृहातील पौर्णिमेची रात्र

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधचा राजा अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आम्रवनात तथागतांच्या भेटीस येतो. या राजाने आपला पिता बिंबिसार याचा वध केला होता, हे ध्यानात ठेवून हे सुत्त वाचले पाहिजे. त्याचा प्रश्न असा : महूत, सारथी, स्वयंपाकी, न्हावी, माळी, परीट, विणकर, कुंभार अशा कारागिरांना आपल्या कसबाचे फळ याच जन्मी, डोळ्यांदेखत मिळते. श्रमणजीवनाचे असे प्रत्यक्ष फळ कोणते?

हाच प्रश्न त्याने पूर्वी सहा आचार्यांना विचारला होता. पूरण कस्सपाने सांगितले की, गंगेच्या दक्षिण तीरावर कोणी हत्या करीत गेला तरी पाप नाही आणि उत्तर तीरावर दान करीत गेला तरी पुण्य नाही. मक्खली गोसालाने सांगितले की, सुताचा गुंडा फेकला म्हणजे तो जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेला संसार भोगूनच सुटतो. बळ, वीर्य, पुरुषार्थ असे काही नाही. अजित केसकंबलाने सांगितले की, माणूस चार महाभूतांचा बनलेला आहे. मेल्यावर पृथ्वी पृथ्वीत मिळते, जल जलात मिळते. शहाणा असो वा मूर्ख, दोघेही नष्ट होतात. पकुध कच्चायनाच्या मते तलवारीने शिर छाटले तरी कोणी कोणाला मारीत नाही. शस्त्र केवळ सात तत्त्वांच्या मधल्या पोकळीतून जाते. संजय बेलट्ठपुत्ताने कोणतेच निश्चित उत्तर दिले नाही. निगंठ नाटपुत्ताने संयमाचे व्रत सांगितले. राजाला वाटले, आंब्याविषयी विचारावे आणि लकुच फळाविषयी उत्तर मिळावे, तसा हा प्रकार झाला.

पितृहत्या केलेल्या राजाला यांतील कितीतरी उत्तरे सोयीची होती. हत्या ही हत्याच नव्हे, असे सांगणारे दोन आचार्य त्याला भेटले होते. तरीही त्याला झोप नव्हती. 'कृतीला अर्थ नाही' असे बुद्धीने कितीही पटविले, तरी केलेल्या कृतीचे ओझे उतरत नाही, एवढे तरी या कथेवरून कळते.

अजित केसकंबलाविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्याची मते आपल्याला केवळ त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात. यज्ञ निष्फळ आहेत, परलोकाच्या नावावर चाललेला व्यापार खोटा आहे, हे त्याचे म्हणणे आपल्याला परके नाही. परलोक नाकारला हा त्याचा दोष नव्हे. परलोकाबरोबर इहलोकातील कर्तव्यही नाकारले, आईबाप आणि शेजारी यांच्याशी असलेले नातेही त्याच झाडूने झाडून टाकले, हा त्याचा दोष.

आता तथागतांचे उत्तर पाहा. श्रमणजीवनाचे प्रत्यक्ष फळ सांगताना त्यांनी पहिले उदाहरण दिले ते राजाच्या एका दासाचे. पहाटे मालकाच्या आधी उठणारा, रात्री मालकानंतर निजणारा, मालकाच्या तोंडाकडे पाहत हुकूम झेलणारा हा दास उद्या प्रव्रजित झाला, तर 'ये, पुन्हा माझा दास हो' असे तू त्याला म्हणशील काय, असे त्यांनी राजास विचारले. राजा म्हणाला, नाही. मी उठून त्याला वंदन करीन, त्याला आसन देईन. हे पहिले प्रत्यक्ष फळ! ध्यान, प्रज्ञा या गोष्टी त्या सुत्तात पुढे येतात. आरंभी येतो तो दास, आणि त्याच्यापुढे उभा राहणारा राजा. कृतीला अर्थ आहे की नाही, हा प्रश्न तथागतांनी आकाशात सोडविला नाही; एका माणसाची दुसऱ्या माणसासमोरची मान ताठ होते की नाही, येथे तो सोडविला.

अक्रियेची तीन मुळे

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्त आमच्या मते या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा आधार होय. तेथे तथागत तीन मतांची तपासणी करतात. माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे होते, हे पहिले मत. ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे होते, हे दुसरे. ते कोणत्याही कारणाविना होते, हे तिसरे. लोक या तीन मतांना परस्परविरोधी समजतात. पहिल्या दोन मतांचे लोक स्वतःला धार्मिक म्हणवितात आणि तिसऱ्यास नास्तिक म्हणून हिणवितात. परंतु तथागत म्हणतात की, तिन्ही मते शेवटपर्यंत तपासली तर एकाच ठिकाणी, अक्रियेत, जाऊन थांबतात. कारण हत्या करणारा पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकारणच हत्या करीत असेल, तर 'हे करावे, हे करू नये' असे म्हणण्यास जागाच उरत नाही. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तातही सर्व वेदना पूर्वकर्मजन्य आहेत हे मत तथागतांनी नाकारले असून पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी प्रत्यक्ष कारणे सांगितली आहेत.

या सुत्ताचा अर्थ महाराष्ट्राच्या इतिहासात उतरवून पाहिला पाहिजे. येथील अस्पृश्य माणसाला 'जगात काही अर्थ नाही' असे कोणी शिकविले नव्हते. त्याला शिकविले गेले ते उलटेच : जगात पुरेपूर न्याय आहे आणि तुझे दैन्य हाच तो न्याय. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावावरील काही अभंगांत आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधलेले आढळते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून मृत्यू पावलेल्या या थोर माणसाच्या वेदनेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु त्या वेदनेला समाजाने कोणते स्पष्टीकरण पुरविले होते, हेही पाहिले पाहिजे. त्यांचा पुत्र कर्ममेळा याच्या रचनांत देवालाच जाब विचारलेला दिसतो. पुढे १८८८ साली गोपाळबाबा वलंगकर यांनी 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेतून प्रश्नांची सरबत्ती धर्ममार्तंडांवर केली. जाब देवाकडून माणसाकडे वळण्यास पाच शतके लागली.

तात्पर्य असे की, माणसाचे हातपाय खऱ्या अर्थाने लुळे पाडणारा नास्तिवाद आपल्या देशात नास्तिकांच्या वेशात आला नाही. तो कर्मविपाकाच्या, प्रारब्धाच्या, ललाटरेषेच्या धार्मिक वेशात आला. 'काही केले तरी काही बदलणार नाही' हे त्याचे सार. शब्द श्रद्धेचे, परिणाम अक्रियेचा.

बाबासाहेबांची कसोटी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले आहेत, त्यांत आपला प्रश्न दोन ठिकाणी येतो. जीवन दुःख, मृत्यू दुःख आणि पुनर्जन्मही दुःख असेल, तर मग सारेच संपले. अशा निराशेच्या शिकवणीने माणसाला कोणता आधार मिळणार, असे ते विचारतात. तसेच आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची, असेही ते विचारतात. हे प्रश्न विचारल्याबद्दल काही परंपरानिष्ठांनी त्यांना दोष दिला. परंतु विहारात प्रश्न विचारणारा विद्यार्थी बाबासाहेबांच्याच पावलावर पाऊल ठेवीत असतो, हे विसरता कामा नये.

त्या सहा आचार्यांची मते सांगून झाल्यावर बाबासाहेबांनी तथागतांची जी भूमिका मांडली आहे, ती कसोटी म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूरण किंवा पकुध यांचे खरे मानले, तर माणूस दुसऱ्याचा जीव घेऊनही सामाजिक जबाबदारीतून सुटेल. मक्खलीचे खरे मानले, तर माणूस दैवाचा गुलाम होईल. अजिताचे खरे मानले, तर खाणे, पिणे, चैन करणे एवढेच त्याला उरेल. संजयाचे खरे मानले, तर तो दिशाहीन वाहत जाईल. निगंठाचे खरे मानले, तर त्याचे सारे आयुष्य देहदंडात जाईल. म्हणजे प्रत्येक मताला एकच प्रश्न आहे : हे मत माणसाला माणसाशी कसे वागावयास लावते?

येथे एक शंका रास्त आहे. मत उपयुक्त आहे म्हणून ते खरे ठरते काय? नाही. बाबासाहेबांनीही तसे म्हटलेले नाही. आत्मा नाही हे सत्य गैरसोयीचे आहे म्हणून त्यांनी ते झाकले नाही. आत्म्याच्या बाबतीत बुद्ध उच्छेदवादी म्हणता येतील, भौतिक तत्त्वांच्या बाबतीत मात्र नाही, अशी स्पष्ट मांडणी त्यांनी केली. मृत्यूनंतर देहाची तत्त्वे निसर्गातील तत्त्वांत मिसळतात आणि त्यांतून नवे जीवन घडते, तोच पुनर्जन्म. तोच आत्मा नव्या देहात शिरत नाही. कर्मनियमाचा अर्थही त्यांनी असाच लावला. व्यक्ती येतात आणि जातात; परंतु माणसांच्या कुशल-अकुशल कर्मांनी समाजाची नैतिक व्यवस्था टिकते वा ढासळते. ती राखणारा ईश्वर नाही, म्हणूनच ती राखण्याची जबाबदारी माणसावर येते. 'वर कोणी नाही, म्हणून काहीही चालेल' हा अजिताचा निष्कर्ष. 'वर कोणी नाही, म्हणून आपल्यालाच पाहिले पाहिजे' हा बाबासाहेबांचा निष्कर्ष. आरंभीचे विधान दोघांचे सारखेच आहे, हे नीट पाहावे.

मूळ सुत्तांतही या विचाराला भक्कम आधार आहे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी चार आश्वासने सांगितली. परलोक असेल, तर वैररहित चित्ताच्या माणसाचे तेथे भलेच होईल. परलोक नसेल, तरी तो येथेच, याच जन्मी, निर्वैर आणि सुखी राहील. दुष्कृत्याला फळ असेल, तर ज्याने कोणाचे वाईट चिंतिले नाही त्याला भय नाही. आणि फळ नसेल, तरीही तो दोन्ही बाजूंनी शुद्धच आहे. साला गावच्या गृहस्थांना सांगितलेल्या अपण्णकसुत्तातही अशीच विचारसरणी आहे. मृत्यूनंतर काय, याचा निकाल लागेपर्यंत आज कसे वागावे हा निर्णय तहकूब ठेवण्याचे कारण नाही, असा दोहोंचा अर्थ होतो.

एकवीस वर्षे आणि एक दिवस

आता याचा ऐतिहासिक पुरावा पाहू. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन दिवसांमध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवसाचे अंतर आहे. ३१ मे १९३६ रोजी मुंबईतील दादर-नायगाव येथे भरलेल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. धर्मांतराला पाठिंबा देण्याबरोबरच हिंदू देवदेवतांची पूजा आणि सणवार सोडण्याचा निर्धार त्या परिषदेने केला. म्हणजे जुने सोडण्याचे ठरले आणि नवे काय घ्यावयाचे हे अद्याप ठरले नव्हते.

नास्तिवादाच्या भीतीपोटी जे सांगितले जाते ते खरे असते, तर या काळात हा समाज भरकटावयास हवा होता. पाठीशी देव नाही, पुढे स्वर्ग नाही, हाती नवा धर्मग्रंथ नाही! प्रत्यक्षात काय घडले? १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील व इतर भागांतील शेतकऱ्यांचा मोर्चा खोती पद्धतीविरुद्ध मुंबईच्या विधिमंडळावर गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. भारतीय संविधानाचे कार्यही याच काळातील.

आम्ही येथे अतिशयोक्ती करू इच्छित नाही. १९३६ च्या ठरावानंतर सर्वच घरांतील देव्हारे रिकामे झाले, असे नव्हे. कित्येक घरांतील देव १९५६ नंतर नदीत गेले. देव हलविताना घरातील वृद्धांचे हात थरथरले असतील, कोप होईल अशी भीती वाटली असेल. हा समाज अगदी निराधार होता, असेही नव्हे. बाबासाहेबांचे नेतृत्व होते, 'जनता'सारखे वृत्तपत्र होते, सभा-परिषदा होत्या, जलसे होते. पण मुद्दा नेमका हाच आहे. माणसाच्या हाताला बळ देणारी गोष्ट मृत्यूनंतरच्या हमीत नव्हती. ती एकमेकांत होती. मुलाला शाळेत घालणाऱ्या बापाने, मोर्च्यासाठी भाकरी बांधून देणाऱ्या आईने 'याचे अंतिम प्रयोजन काय' हे आधी ठरविले नाही. समोरचे दुःख दिसत होते, ते टाळता येण्याजोगे आहे हे कळले होते. कृतीला तेवढे कारण पुरेसे होते.

मिलिंदाचा प्रश्न

औरंगाबादच्या महाविद्यालयास मिलिंदाचे आणि त्याच्या परिसरास नागसेनाचे नाव देण्यात आले, याला या विषयात विशेष अर्थ आहे. कारण सागल नगरीच्या या ग्रीक राजाने नागसेन स्थविरांना पहिल्याच भेटीत हाच प्रश्न विचारला. नागसेन हे केवळ नाव आहे, त्यामागे कोणी पुद्गल नाही, असे स्थविरांनी सांगताच राजा म्हणाला : मग चीवर देतो कोण आणि घेतो कोण? शील पाळतो कोण? प्राणिहत्या करतो कोण? मग कुशलही नाही आणि अकुशलही नाही. तुम्हांला कोणी ठार मारले तरी ती हत्या नव्हे! पकुध कच्चायनाचा निष्कर्ष राजाने स्थविरांच्या गळ्यात घातला. स्थविरांनी रथाचे उदाहरण दिले. चाके, आस, जू यांपैकी एकही रथ नव्हे, आणि तरीही राजा रथात बसूनच आला होता.

पुढे त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्याचा दृष्टान्त येतो. चोर म्हणतो, मालकाने पेरलेला आंबा निराळा आणि मी तोडलेला निराळा. मग मी त्याचे काय चोरले? राजाच निवाडा देतो की चोर दोषी आहे, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यामुळेच आले. 'मी' कायम टिकत नाही म्हणून जबाबदारी सुटत नाही. आज आपण जे करतो त्यातून उद्याचे घडते, मग ते उद्या भोगणारे आपण असू वा आपली मुले असोत.

नागार्जुनाने हेच तत्त्व आणखी पुढे नेले. मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी आक्षेप घेतो की, सर्व शून्य असेल तर आर्यसत्ये, कर्म, फळ सारेच बुडाले. नागार्जुनाचे उत्तर असे की, बुडते ते स्वभाव मानल्याने. वस्तूचा स्वभाव कायमचा ठरलेला असेल, तर तीत बदल होणार कसा? ती प्रतीत्यसमुत्पन्न आहे, स्वभावाने रिती आहे, म्हणूनच दुःख उपजते आणि म्हणूनच दुःखाचा निरोध करता येतो. चुकीच्या ठिकाणी पकडलेला साप जसा पकडणाऱ्यालाच डसतो, तशी चुकीची समजलेली शून्यताही घातक ठरते, असा इशाराही त्याने दिला. हे आपल्या अनुभवाच्या भाषेत असे सांगता येईल : जात ही जन्मजात स्वभाव असती, तर कोणतीही चळवळ व्यर्थ ठरली असती. जातीला स्वभाव नाही. ती माणसांनी रचली, माणसांनीच टिकवली. म्हणून ती मोडता येते. अनित्यता ही आपल्यासाठी शोकवार्ता नाही. या देशात अनित्यतेची खरी भीती कोणाला वाटली पाहिजे, तर ज्यांना आपले स्थान शाश्वत राहावे असे वाटते त्यांना!

जे गमावले, त्याविषयी

तथापि अनात्मवाद स्वीकारताना आपण काही गमावतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जणांचे प्राण गेले. अशा वेळी आस्तिक माणसाजवळ एक सांत्वन असते : मारणाऱ्याला वर उत्तर द्यावे लागेल आणि गेलेल्याला तेथे न्याय मिळेल. आपल्याजवळ हे सांत्वन नाही. बळी गेलेल्या माणसाला त्याचे आयुष्य कोणत्याही जन्मात परत मिळणार नाही. ही पोकळी शब्दांनी भरून काढण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही.

परंतु हे सांत्वन नाही, म्हणूनच काही गोष्टी निकडीच्या होतात. न्याय परलोकी मिळणार असेल, तर येथे थांबता येते. तो फक्त येथेच मिळू शकत असेल, तर थांबता येत नाही. रमाबाई नगराच्या बाबतीत चौकशी आयोग नेमला गेला, खटला उभा राहिला, साक्षीपुरावे झाले, कार्यकर्ते वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. या मार्गाने मिळणारा न्याय अपुरा असतो, उशिरा येतो, कधी येतच नाही. तरीही दर ११ जुलैला तेथे माणसे जमतात. गेलेल्यांचा आत्मा तृप्त व्हावा म्हणून पिंड देण्यासाठी ती जमत नाहीत; ते प्रतिज्ञांनी आपण केव्हाच सोडले आहे. विसर पडू नये म्हणून ती जमतात. स्मरण हे येथे मृताचे नव्हे, तर जिवंतांचे कर्तव्य असते.

समारोप

आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. तो या शहरात वारंवार का विचारला जातो, याचाही विचार केला पाहिजे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहू लागले. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र येथून पोटासाठी आले. गावकुसाबाहेरची वस्ती सुटली, येसकरकी सुटली, ती सुटावयासच हवी होती. पण तिच्याबरोबर सुखदुःखात धावून येणारी भावकीही विरळ झाली. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर अभ्यास करीत बसलेल्या मुलाला 'कशासाठी?' हा प्रश्न पडतो, तेव्हा तो दरवेळी तत्त्वज्ञानाचाच असतो असे नाही. कित्येकदा तो एकटेपणाचा असतो. अशा वेळी केवळ सुत्तांचे दाखले देऊन भागणार नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसावे लागेल. धम्मात बुद्ध आणि धम्म यांच्या बरोबरीने संघाला शरण जावयाचे असते, त्याचे एक कारण हेही असावे.

थोडक्यात सांगावयाचे तर, मृत्यूनंतर काही उरत नाही या विधानाने आपल्या कर्तव्यात काहीच वजा होत नाही. कारण आपले कर्तव्य त्या आधारावर उभेच नव्हते. ते समोरच्या माणसाच्या दुःखावर उभे आहे आणि ते दुःख खरे आहे. ज्या विधानापासून सावध राहावयाचे ते वेगळे आहे : 'काही केले तरी काही बदलत नाही.' हे विधान प्रारब्धाच्या भाषेत येवो, विज्ञानाच्या भाषेत येवो किंवा थकलेल्या कार्यकर्त्याच्या भाषेत येवो, ते मक्खली गोसालाचेच आहे. त्याच्या उत्तरासाठी सूर्य विझण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अजातशत्रूसमोर उभ्या राहिलेल्या त्या दासाकडे पाहावे, आणि मग आपल्या घरातील पहिल्या शिकलेल्या माणसाकडे पाहावे. त्याच्यासाठी कोणीतरी काहीतरी केले होते.